जांभूळबीचं चूर्ण घेताय? या चुका टाळा

जून सरत आला की आमच्या भंडाऱ्याकडे अंगणाअंगणात जांभळाच्या बिया वाळत घातलेल्या दिसतात. ज्या घरात शुगर निघाली, त्या घरात हे चूर्ण असतंच. ते घ्यायला माझी ना नाही. पण ते पोटात कुठे आणि कधी काम करतं, हे कळल्याशिवाय घेणं फुकट जातं.

भातातल्या स्टार्चचे तुकडे आधी लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अमायलेज हे विकर, म्हणजे पचवणारं एन्झाइम, करतं. मग लहान आतड्याच्या अस्तरावरचं ग्लुकोसिडेज त्या तुकड्यांचं ग्लुकोज बनवतं. जांभूळबी, आवळा, हिरडा यांतली तुरट द्रव्यं, म्हणजे फिनॉलिक संयुगं, या विकरांना चिकटून त्यांचा वेग कमी करतात. ग्लुकोज रक्तात हळूहळू उतरतं. पण हे सगळं घास आतड्यात असेपर्यंतच.

माझे मामाजी, म्हणजे सासरे, पहाटे पाचला उपाशीपोटी चूर्ण घ्यायचे आणि भात खायचे अकराला. तेव्हा विकर अडवायला चूर्ण आतड्यात असणार कुठून? घ्यायचंच तर पहिल्या घासासोबत. आणि फरक पाहायचा तो जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी. उपाशीपोटीची शुगर मोजून "काहीच गुण नाही" म्हणणारे चुकीची वेळ मोजतात.

जांभळाच्या गोड सरबतावर भिस्त ठेवू नका. मधावर तर नाहीच; त्यात ग्लुकोज सुटंच असतं, ते तोडायला विकर लागत नाही. पांढऱ्या ज्वारीतही ही तुरट द्रव्यं फारशी नसतात. ती तांबूस-तपकिरी, तुरट दाण्यात असतात. बायांनो, लोहाची गोळी या चूर्णासोबत घेऊ नका. तुरटपणा लोह शोषू देत नाही, दोन तासांचं अंतर ठेवा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चूर्णाच्या भरवशावर गोळी किंवा इन्सुलिन बंद करणं. प्रयोगशाळेतल्या नळीत विकर छान अडतो, पण भरल्या पोटात तेवढाच अडेल याची खात्री नसते. डॉक्टरांना चूर्ण दाखवा. तुमच्या चिठ्ठीत व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोज असेल, तर ती औषधं याच ग्लुकोसिडेजला अडवतात. न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. वरून चूर्ण घेतलं तर पोट आणखी फुगतं.

आता जे सांगते ते नीट लक्षात ठेवा. मामाजींना व्होग्लिबोजसोबत ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळीही चालू होती. रोवणीच्या दिवशी जेवण लांबलं, शुगर फार उतरली आणि बांधीतच त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. कुणीतरी धावत साखर आणली. ती खाऊनही ते लवकर सावरेनात, कारण साखर तोडणारा विकरही व्होग्लिबोजने अडवलेला असतो. शेजारच्या बांधीतल्या काकाजींकडे ग्लुकोजची पुडी होती. "घ्या जी, मामाजी," म्हणत मी पाण्यात कालवून घोट घोट पाजलं, तेव्हा थरथर थांबली. ग्लुकोजला तोडावं लागत नाही, ते थेट शोषलं जातं. साधारण १५ ग्रॅम द्या, १५ मिनिटांनी पुन्हा शुगर तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

तेव्हापासून मामाजींच्या शिदोरीत भाकरीच्या फडक्याला ग्लुकोजची पुडी बांधलेली असते.