मुलांसोबत गोष्टीचे पुस्तक रचून स्वतः कसे छापावे

मुलांनी रचलेल्या आणि मुलांनीच चितारलेल्या गोष्टीचे पुस्तक स्वखर्चाने छापणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. डिजिटल छपाईत पन्नास प्रतीही निघतात. अवघड आहे ते छापून हातात आलेले पुस्तक मुलांचेच राहणे. या विषयावरचा बहुतेक सल्ला कागद, मुखपृष्ठ आणि विक्री यांभोवती फिरतो आणि मुलांच्या वाट्याचे काम ‘मुलांना मोकळे सोडा’ एवढ्यावर उरकतो, म्हणून तो कामाचा नाही. पुढील पायऱ्या सात ते दहा वर्षांची पाच-सहा मुले, एक मोठा माणूस आणि १६ पानांचे पुस्तक गृहीत धरून लिहिल्या आहेत.

१. कोरी प्रत

ए-फोर आकाराचे चार कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडावेत, म्हणजे ए-फाइव्ह आकाराची १६ पाने तयार होतात. पहिल्या पानावर शीर्षक आणि सोळाव्या पानावर प्रकाशनाचा तपशील ठेवला की मध्ये समोरासमोरच्या पानांच्या सात जोड्या उरतात. गोष्टीला जागा तेवढीच, सात दृश्यांची. ही कोरी प्रत पहिल्याच बैठकीत मुलांच्या हातात द्यावी. पाने उलटून पाहिली की गोष्ट किती लांब हवी हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

२. गोष्ट मिळवणे

सगळ्यात जास्त अडायला होते ते इथे. मुलांना खरोखर मोकळे सोडले, तर ती चित्रकला स्पर्धेत बक्षीस मिळवणारे चित्र काढतात: दोन डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, झोपडी, नदी आणि एक नारळाचे झाड. गोष्टही त्याच जातीची निघते, आणि शेवटी कोणीतरी झाडे लावण्याची शपथ घेते. मोठ्यांना काय आवडते ते मुलांना चांगले ठाऊक असते व ती तेच पुरवतात. ‘पाणी वाचवा’ किंवा ‘स्वच्छता’ असा विषय देणे तर त्याहून वाईट, कारण मग गोष्टीऐवजी फलकावरची घोषणा हाती येते.

विषयाऐवजी मुलांना एखादी ओळखीची जागा द्यावी आणि तिथे सहसा न येणारे कोणीतरी आणून बसवायला सांगावे. एका गटाला मी एसटीची गाडी दिली होती आणि मुलांनी तीत शेळी चढवली. कंडक्टर तिला हाफ तिकीट फाडून देऊ लागला, तेव्हा एका मुलीने शेळीच्या तोंडी वाक्य घातले, ‘मला चार पाय आहेत, दोन फुल द्या.’ पुढे शेळीने ती दोन्ही तिकिटे खाल्ली. सोबत बसलेल्या एका शिक्षकांनी तिथल्या तिथे सुचवले की शेळीला तिकीट जपून ठेवायला लावू, म्हणजे मुलांना शिस्त कळेल. अशा क्षणी मोठ्या माणसाने गप्प बसावे, आणि ज्यांना गप्प बसणे जमणार नाही अशांना बैठकीला बोलावूच नये, मग ते पालक असोत की शिक्षक. माझे हे मत कडक वाटेल. पण बोध एकदा गोष्टीत शिरला की बाकीची मुले लगेच त्याच चालीवर बोलू लागतात, आणि तो दिवस वाया जातो.

प्रश्न विचारण्याचीही रीत आहे. ‘मग काय झाले?’ हा प्रश्न टाळावा. त्याच्या उत्तरात मुले घटनेला घटना जोडत जातात, राक्षस येतो, विमान कोसळते आणि सात दृश्यांत न मावणारी लांबण तयार होते. त्यापेक्षा ‘तिला तेव्हा काय हवे होते?’, ‘शेजारी कोण बसले होते?’, ‘तिकिटाचे पैसे तिने कुठे ठेवले होते?’ असे प्रश्न विचारावेत. यांची उत्तरे गोष्टीला आतून भरत नेतात. मुलांना लिहायला बसवू नये. तोंडी सांगू द्यावे, फोनवर ध्वनिमुद्रण करावे आणि घरी येऊन शब्दन् शब्द उतरवून काढावे. आठवणीतून लिहिले तर आपल्या नकळत आपलीच भाषा उतरते.

दोन मुलांचे दोन शेवट असतील, तर मतदान घेऊ नये. मतदानात वर्गाच्या मॉनिटरचा शेवट जिंकतो. दोन्ही शेवट चितारायला द्यावेत. ज्या कागदाभोवती मुले गोळा होतात, तो ठेवावा.

संपादनात मोठ्यांना तीन गोष्टींची मुभा आहे: गाळणे, क्रम लावणे आणि शुद्धलेखन सुधारणे. मुलाने न उच्चारलेला शब्द घालण्याची मुभा नाही. ‘फुल’चे ‘पूर्ण’ करू नये, आणि मूल मालवणी किंवा वऱ्हाडी बोलले असेल तर ते प्रमाण मराठीत ‘नीट’ करू नये. कच्चा मजकूर कोऱ्या प्रतीत पेन्सिलीने लिहून मुलांना वाचून दाखवावा आणि जिथे त्यांची चुळबुळ सुरू होते तिथे कात्री लावावी.

३. चित्रे

प्रत्येक दृश्यासाठी आडवा ए-फोर कागद द्यावा आणि कडेपासून एक सेंटिमीटर आत पेन्सिलीने चौकट आखून द्यावी. चित्र चौकटीत राहिले की कटिंगमध्ये काही जात नाही. कागद कोरा असावा, कारण वहीच्या कागदावरच्या रेघा स्कॅनमध्ये येतात. चमकत्या रंगांचे स्केचपेन आधीच काढून ठेवावेत, ते रंग चार शाईंच्या छपाईत मळकट उतरतात. पिनेच्या बांधणीत फक्त ८ आणि ९ ही पाने एकाच अखंड कागदावर येतात, त्यामुळे दुमड ओलांडून जाणारे मोठे चित्र तिथे ठेवावे आणि इतर जोड्यांत कोणाचाही चेहरा दुमडीवर येऊ देऊ नये.

सहा मुले सहा शेळ्या काढणार, आणि त्या एकमेकींसारख्या दिसणार नाहीत. म्हणून चित्रकाराकडून सगळ्या शेळ्या एकसारख्या काढून घ्याव्यात हा सल्ला वारंवार दिला जातो; तो मानला तर मुलांचे पुस्तक तिथेच संपते. त्याऐवजी मुलांनाच एक खूण ठरवू द्यावी. आमच्या शेळीच्या गळ्यात लाल दोरी होती, आणि वाचणाऱ्या एकाही मुलाने ‘ही कोणती शेळी?’ असे विचारले नाही.

चित्रे फोनने टिपू नयेत. सपाट स्कॅनरवर ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) घ्यावीत, आणि चित्र मोठे करायचे असेल तर ६०० ने.

४. परवानगी

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढणारे मूलच त्या चित्राचे पहिले मालक असते. अल्पवयीन व्यक्तीशी केलेला करार मात्र कायद्यापुढे टिकत नाही, म्हणून पालकांची लेखी संमती घ्यावी. किती प्रती निघणार, किंमत किती आणि उरलेले पैसे कोणाचे, हे त्यात स्पष्ट असावे. पुस्तकात पहिले नाव आणि वय पुरेसे आहे. शाळेचे नाव, पत्ता व छायाचित्र नको. छपाईऐवजी प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोष्ट टाकणार असाल, तर ती खुल्या परवान्याखाली जाते व कोणीही ती बदलून वापरू शकते, हे पालकांना आधी सांगावे.

५. जुळणी आणि छपाई

मुक्ता किंवा बालू यांसारखा युनिकोड टंक (फॉन्ट) घ्यावा, अक्षर मोठे ठेवावे आणि पीडीएफमध्ये जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत. आत १३० जीएसएम (चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा) आर्ट पेपर, मुखपृष्ठाला ३०० जीएसएम, मध्ये दोन पिना. प्रती तीनशेच्या आत असतील तर साधारणपणे डिजिटल परवडते, त्यापुढे ऑफसेटचा, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईचा, भाव विचारावा. कागदावरची एक नमुना प्रत पाहिल्याशिवाय छपाईला होकार देऊ नये. पडद्यावर दिसणारे रंग कागदावर तसे येत नाहीत.

६. आयएसबीएन आणि प्रती

पुस्तक विकायचे असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, घ्यावा. तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून ऑनलाइन अर्जावर विनामूल्य मिळतो आणि लेखकही स्वतः अर्ज करू शकतो, त्यामुळे त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवावे. सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तके देण्याविषयीच्या १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि प्रत्येकी एक प्रत मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवावी लागते. छपाईच्या हिशेबात या चार प्रती आणि त्यांचे टपाल आधीच धरावे.