आमदार आणि परिवहन मंत्री राहिलेल्या माणसावर लिहायचंय? मग हे करा

तुमच्या एरियातला एखादा माजी आमदार नंतर एसटी किंवा बेस्टमध्ये मोठ्या पदावर गेला असेल आणि त्याच्यावर लिहायचं मनात असेल तर गौरव अंक आधी बाजूला ठेवा, त्यात सगळं साहेबांनीच केलेलं असतं.

पहिलं काम, पदं वेगळी करा, इथेच लोक गंडतात. परिवहन मंत्री वेगळा, एसटी महामंडळाचा अध्यक्ष वेगळा आणि बेस्ट समितीचा अध्यक्ष तर पूर्ण वेगळा, कारण एसटी राज्याची आणि बेस्ट ७ ऑगस्ट १९४७ पासून मुंबई महापालिकेची. आता दिवाकर रावतेंचं बघा, १९९१-९२ ला मुंबईचे महापौर, मग विधान परिषदेवर, २०१४ ते २०१९ परिवहन मंत्री आणि एसटीचं अध्यक्षपद पण त्यांच्याकडेच. परिषदेवरचा माणूस पण आमदारच असतो, त्यामुळे मतदारसंघ शोधत बसण्याआधी सभागृह कुठलं ते बघून घ्या.

मग विधिमंडळाची छापील कार्यवाही. तारांकित प्रश्न (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणारी सूचना), कपात सूचना (खात्याच्या मागणीतली रक्कम कमी करा असं सुचवणारी) यात माणसाने खरंच काय विचारलं ते तारखेसकट सापडतं. जुन्या पेपरांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय.

अडचणीचे दिवस गाळू नका. २०१७ च्या दिवाळीत एसटीचा संप झाला, चार दिवस गाड्या उभ्या, लोक गावाला जायला स्टँडवर ताटकळत होते, त्या काळावर लिहून हेच वगळलंत तर एसटीतला कुठलाही माणूस पुढे वाचणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डेपोतल्या माणसांशी बोला. मी एकदा एका माजी आमदारांवर लिहिताना "ही बस यांनी सुरू केली" असं ठोकून दिलं होतं. आमच्या चाळीतल्या रिटायर कंडक्टर काकांना वाचून दाखवलं तर ते काहीच बोलले नाहीत, आत जाऊन रबर लावलेली जुनी डायरी घेऊन आले, पानापानावर निळ्या बॉलपेनने त्या दिवसाचा रूट नंबर, गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव, आणि तोच रूट साहेब पहिल्यांदा निवडून यायच्या सहा वर्षं आधी लिहिलेला. खूप लाज वाटली मला. साहेबांनी खरं तर ती बस बंद पडू दिली नव्हती, आणि काका म्हणाले अरे ते पण मोठंच काम आहे, तेच लिही ना.

काकांसारखं कोणी भेटलं की एक नक्की विचारा, साहेब डेपोत यायचे तेव्हा कॅन्टीनला बसायचे की केबिनमध्ये?