अ‍ॅक्रिलिकचा देवनागरी नामफलक सीएनसी राउटरवर कसा करावा

अ‍ॅक्रिलिक साधारण १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, त्यामुळे सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या सूचनेनुसार फिरत्या बिटने कापणाऱ्या मशिनवर, ते कापताना सगळी खटपट उष्णता कीसाबरोबर बाहेर काढण्याची असते. शीट घेताना ती कास्ट (साच्यात ओतून केलेली) आहे ना, हे विचारून घ्यावे. एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेली) शीट स्वस्त पडते, परंतु ती लवकर वितळून बिटला, म्हणजे कापणाऱ्या पात्याला, चिकटते. कास्ट शीटची जाडी मात्र सर्वत्र सारखी नसते, म्हणून कोरण्यापूर्वी व्हर्नियरने चार-पाच ठिकाणी मोजावी आणि खोली मोजण्याचा शून्य बेडवर (शीट ठेवायच्या पाटावर) न घेता शीटच्या वरच्या पृष्ठभागावर घ्यावा.

बिट एका धारेचे, कार्बाइडचे आणि कीस वर फेकणारे असावे; मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरच्या हत्यारांच्या दुकानांत चौकशी करावी. एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीवर) बोथट झालेले बिट इथे वापरू नये. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) १८,००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्यांवर, आणि प्रत्येक फेरीला ०.१ मिमी कीस धरला, तर फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला १,८०० मिमी येतो. कीसाऐवजी चिकट तार निघू लागली की हात आपोआप फीड कमी करायला जातो, पण त्याने बिट नुसते घासत राहते आणि वितळणे वाढते. अशा वेळी आरपीएम उतरवावा किंवा फीड वाढवावा, आणि कॉम्प्रेसरची हवा थेट धारेवर सोडावी.

देवनागरी अक्षरांची खरी परीक्षा संगणकावर होते. अनेक फाँटमध्ये शिरोरेषा, मात्रा आणि जोडाक्षरांचे भाग एकमेकांवर चढलेले वेगळे आकार असतात. ते एकसंध न करता फाइल मशिनला दिल्यास जिथे रेषा एकमेकींवर येतात तिथे न कोरलेली बेटे उरतात. एका सोसायटीच्या फलकावरील ‘श्री’मध्ये असे बेट मला शीट उतरवल्यावर दिसले आणि ती शीट वाया गेली. म्हणून अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर करून वेल्ड करावे (म्हणजे आकार एकसंध जोडावेत), आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांच्या पोटातील जागा बिटच्या जाडीपेक्षा मोठी आहे का, हे आधी तपासावे. अक्षरे कापून काढायची असल्यास शिरोरेषा शब्द जोडून धरते, पण अनुस्वाराचा ठिपका सुटाच पडतो. तो वेगळा जपून ठेवावा.

कोरण्यासाठी ६० अंशांचे, टोकदार व्ही-बिट आणि ०.३ ते ०.५ मिमी खोली पुरते. कडेने एलईडीचा प्रकाश द्यायचा असल्यास मजकूर मागच्या बाजूने, आरशातल्यासारखा उलटा कोरावा. पावसाळ्यात एमडीएफचा बेड ओल धरून फुगतो. तो आधी सपाट करून घेतला नाही, तर खोली जागोजागी बदलते.

बाहेरची कापणी कोरीवकामानंतर करावी. ३ मिमीच्या बिटने एका वेळी १.५ मिमीच उतरावे, थेट खाली न टोचता तिरपे उतरावे, ०.२ मिमी कड शेवटच्या कापणीसाठी राखावी आणि तुकडा उडू नये म्हणून टॅब, म्हणजे न कापलेले छोटे जोड, ठेवावेत. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच; फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे नकोत. पुसण्यासाठी साबणाचे पाणी वापरावे, कारण थिनर किंवा स्पिरिटने कापलेल्या कडांवर बारीक भेगा पडतात.

स्क्रूची भोकेही राउटरनेच पाडावीत आणि ४ मिमीच्या स्क्रूसाठी ती किमान ५ मिमीची ठेवावीत. मीटरभर लांबीचा फलक तापमान २० अंशांनी वाढल्यास सुमारे दीड मिलिमीटर लांबतो, आणि भोक घट्ट असेल तर तडा तिथूनच जातो.