नऊ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी रहस्यकथा कशी लिहावी

या वयाचा वाचक फार कडक असतो. उलगडा झाला की तो मागची पानं उलटून बघतो, हे आपल्याला आधी सांगितलं होतं का? सांगितलं नसेल तर लेखक त्याच्या मनातून उतरतो. म्हणून माझी एकच अट असते. नायिकेला जे जेव्हा कळलं, ते वाचणाऱ्यालाही तेव्हाच कळलं पाहिजे, आणि उत्तर काढायला दहा वर्षांच्या मुलाचं ज्ञान पुरलं पाहिजे.

सुरुवात उत्तरापासून करा. एका कथेचा आराखडाच मांडून दाखवते. गाव अलिबाग. वाचनालयातला एक जुना हस्तलिखित नकाशा होळीच्या दुपारी नाहीसा होतो. तो नेला आहे इतिहासावर लिहिणाऱ्या एका तरुण पाहुण्याने, कारण त्याने छापून आणलेलं म्हणणं त्या नकाशामुळे खोटं ठरतं. आपली चूक कुणाला कळू नये म्हणून माणूस काय काय करतो, हे पाचवीतल्या मुलाला नीट समजतं. कंपन्यांची भानगड, वारसाहक्काचे कज्जे असली कारणं त्याच्या गळी उतरत नाहीत. खूनही नको. या वयात हरवणं, लपवणं आणि भलत्यावर आळ येणं पुरेसं गंभीर असतं.

आता वेगळी वही घ्या आणि त्या पाहुण्याचा होळीचा दिवस तासातासाने लिहून काढा. तो कुठे होता, कुणी पाहिलं, किल्ली कुठून मिळवली. ही वही पुस्तकात येत नाही, पण हिच्याशिवाय मी पहिलं प्रकरण लिहीत नाही.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं. गुन्हेगाराला पकडून देणारा पुरावा त्या जागेतूनच निघाला पाहिजे. पाहुणा सांगतो, “होळीला दुपारी बारा वाजता मी कुलाबा किल्ल्यावर चालत गेलो होतो.” ऐकायला साधं वाटतं, कारण ओहोटीला अलिबागच्या पुळणीवरून किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं, घोडागाड्याही जातात. पण कोकणच्या या पट्ट्यात भरतीचं एक जुनं गणित आहे. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, की भरतीची वेळ येते. पौर्णिमेची तिथी पंधरा, म्हणजे सव्वाअकरा. गणित ढोबळ आहे, थोडं मागेपुढे होतं. तरी बाराच्या सुमाराला त्या वाटेवर उधाणाचं पाणी असणारच. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. म्हणजे पाहुणा खोटं बोलतो आहे, आणि हे कुठलंही मूल गुणाकार-भागाकार करून स्वतः शोधू शकतं. लिहिताना मात्र त्या वर्षीचं भरतीचं कोष्टक उघडून वेळ ताडून घ्या.

पुरावा लपवायचा कसा? त्याचे तुकडे करून. गणित दुसऱ्या प्रकरणातच येऊ द्या, तेही भलत्याच कामासाठी. मासळीची पाटी घेऊन आलेल्या कोळीण आजीला नायिका विचारते, “आजी, आज म्हावरं उशिरा का?” आजी बोटांवर तिथी मोजून होड्या कधी लागल्या ते सांगते, आणि लगेच कोलंबीच्या भावावरून आईशी तिची हुज्जत सुरू होते. वाचणारा हुज्जतीत रमतो. पाहुण्याचं वाक्य पाचव्या-सहाव्या प्रकरणात टाका, तीन-चार जणांच्या बोलण्याच्या मध्ये. पौर्णिमा हा शब्द तिथे उच्चारूच नका. होळी म्हटलं की पौर्णिमा आलीच, आणि आपल्या मुलांना ते ठाऊक आहे.

असं काहीतरी प्रत्येक गावात सापडतं. अलिबागलाच चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून १९०४ साली ती मुंबईतल्या कुलाब्याहून इथे हलवली, आणि इमारत चुंबकाला न ओढणाऱ्या सामानाची बांधली. होकायंत्राची सुई भलतीकडे वळली, एवढ्यावरून लपवलेलं लोखंड शोधणारी अख्खी कादंबरी त्यात दडलेली आहे. आपल्या गावात हिंडा, जुन्या माणसांना कामाबद्दल विचारा. मुंबई-पुण्याच्या सोसायटीत राहत असाल तर वॉचमनची नोंदवही आणि पाण्याची वेळ आहेच.

संशयित चार पुरेत. प्रत्येकाकडे लपवण्यासारखं काहीतरी असू दे, आणि ते शेवटी उलगडू दे. आमच्या कथेतला घोडागाडीवाला वाचनालयाच्या मागच्या दाराशी घुटमळताना दिसतो, पिशवीत काहीतरी झाकून नेतो. खरं तर तो वाचायला शिकतो आहे, आणि पिशवीत बालवाडीची चित्रपुस्तकं आहेत. नुसती दिशाभूल करायला आणलेलं आणि मध्येच सोडून दिलेलं पात्र मुलांना फसवणूक वाटते, आणि त्यांचं बरोबर आहे.

नायकांच्या हातून मोबाइल काढून घेऊ नका. होळीच्या दुपारचा किनाऱ्यावरचा फोटो, त्यावरची वेळ, मागे भरलेला समुद्र: पुराव्याला तो उपयोगी पडतो. मोठी माणसं जवळ असतातच. ती मुलांचं ऐकून घेत नाहीत, एवढी अडचण गोष्टीला पुरते. उलगडा मात्र मुलांनीच करायचा. शेवटच्या क्षणी पोलीसमामा येऊन सगळं सांगू लागले तर पुस्तक संपलंच.

प्रकरण हजार-बाराशे शब्दांचं ठेवा, रात्री झोपण्यापूर्वी एक वाचून होईल एवढं.

मसुदा झाला की उलगड्याच्या आधीपर्यंतचा भाग पाचवी-सहावीच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवा आणि चिठ्ठीवर चोराचं नाव आणि कारण लिहायला सांगा. कारण जास्त महत्त्वाचं. बहुतेकांनी भरतीचं लिहिलं तर पुरावा उघडा पडला आहे. कुणीच लिहिलं नाही तर आजीचं बोलणं पुन्हा लिहा. वर्गातल्या दोघा-चौघांनी कोपऱ्यात आकडेमोड केलेली दिसली, की मी समाधानी.

आणखी एक जबाबदारी आपली. वाचलेलं मुलं करून बघतात. म्हणून आमची नायिका पुळणीवर उतरण्याआधी दर वेळी किनाऱ्यावरच्या कोळ्यांना पाण्याची वेळ विचारते, गणित पाठ असलं तरी.

शेवटच्या प्रकरणात स्पष्टीकरण दोन पानांत आटपा. नकाशा वाचनालयात परत येऊ द्या, आणि घोडागाडीवाल्यावर ज्यांनी संशय घेतला त्या सगळ्यांना, मुलांनासुद्धा, त्याच्या दारात जाऊन माफी मागायला लावा. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत मुलं या प्रसंगाबद्दल चोरापेक्षा जास्त लिहितात.