सर्व्हलेटचं आउटपुट टेस्टमध्ये पकडताना

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातले गुळाचे दर दाखवणारं जावा सर्व्हलेट (वेब रिक्वेस्टला उत्तर देणारा जावा क्लास) तपासायला टॉमकॅट हा सर्व्हर सुरू करायची गरज नाही. मॉकिटो या टेस्टिंग लायब्ररीने रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स मॉक करा, म्हणजे त्यांचे नकली ऑब्जेक्ट बनवा. नुसत्या रिस्पॉन्स मॉकचं ‘गेटरायटर’ (मजकूर लिहायला रायटर देणारी मेथड) नल देतं आणि टेस्ट नल पॉइंटर एक्सेप्शनने कोसळते. म्हणून आधी मजकूर मेमरीत साठवणारा स्ट्रिंगरायटर बनवा, तो प्रिंटरायटरमध्ये गुंडाळा आणि ‘गेटरायटर’ने तोच परत द्यावा असं ठरवून ठेवा. मग सर्व्हलेटचं ‘डूगेट’ (गेट रिक्वेस्ट हाताळणारी मेथड) बोलवा. ते प्रोटेक्टेड असतं, तेव्हा टेस्ट त्याच पॅकेजात हवी.

स्ट्रिंगरायटरमध्ये मजकूर लगेच उतरतो. त्याऐवजी बाइट साठवणारा बाइटअ‍ॅरेआउटपुटस्ट्रीम वापरलात तर मात्र फ्लश केल्याशिवाय, म्हणजे बफरमधला मजकूर पुढे ढकलल्याशिवाय, हाती रिकामी स्ट्रिंग येते.

खरा धोका वेगळाच आहे. ‘गेटरायटर’नंतर कॅरेक्टर एन्कोडिंग ठरवलं तर ते लागू होत नाही. देवनागरी नसलेलं डीफॉल्ट एन्कोडिंग आयएसओ-८८५९-१ राहिल्यास ‘गूळ’च्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. स्ट्रिंगरायटर बाइट पाहतच नाही, त्यामुळे टेस्ट हिरवी आणि ब्राउझरमध्ये कचरा! यासाठी मॉकिटोचं इनऑर्डर (कॉलचा क्रम तपासणारं) वापरून एन्कोडिंग ठरवणारं ‘सेटकंटेंटटाइप’ आधी आणि ‘गेटरायटर’ नंतर झालं का, हे जरूर पडताळा. मराठी मजकूर असेल तर ही तपासणी आम्ही कधीच वगळू देणार नाही.

‘प्रिंटएलएन’चा ओळबदल विंडोज आणि लिनक्सवर वेगळा असतो, म्हणून पूर्ण मजकूर जुळवण्यापेक्षा ‘कंटेन्स’ने हवा तो भाग आहे का एवढंच पाहणं बरं.