खाडीची खोली दोन फेऱ्यांत वेगळी का येत होती

दाभोळच्या खाडीत होडीला फिशफाइंडर (आवाजाच्या लहरींनी खोली दाखवणारं मशीन) बांधून खोली मोजत होतो, सकाळी आणि दुपारी एकाच जागी दीड-दोन मीटरचा फरक, आणि भरतीची उंची वजा केली की फरक कमी व्हायच्या ऐवजी अजून वाढायचा! आधी मशीनवरच संशय घेतला, दोरीला वजन बांधून तपासलं तर मशीन बरोबर. मग कळलं, जीपीएसची वेळ यूटीसी (जागतिक वेळ, आपल्या घड्याळाच्या मागे), जेटीवर पट्टी लावून मी लिहिलेली पाण्याची पातळी घड्याळाच्या वेळेने. साडेपाच तासांचा घोळ, आणि भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तास, म्हणजे जवळजवळ उलटंच वजा होत होतं 😅 वेळ जुळवली, सेन्सर पाण्याखाली 30 सेंमी होता तेही मिळवलं, आता दोन्ही फेऱ्या जुळतात, मऊ गाळाच्या जागा सोडून.