ओळ वेचली, पण तिचं गाव विसरलो: आवडत्या ओळींच्या वहीत या चुका टाळा

नववीत असताना मी पहिली वही केली. दोनशे पानी, खाकी कव्हर, पहिल्या पानावर वेलबुट्टी काढून मोठ्या अक्षरात ‘सुविचार’. आज अशा अकरा वह्या आहेत आणि त्यातल्या पहिल्या चार जवळपास निकामी आहेत. शाई उडालेली नाही, पानं फाटलेली नाहीत. ओळी ठसठशीत वाचता येतात. पण कुठली ओळ कुणाची, कुठे सापडली, त्या दिवशी ती का उतरवून घ्यावीशी वाटली, याचा पत्ता नाही. नुसत्या ‘आयुष्य म्हणजे’ने सुरू होणाऱ्या सतरा ओळी मोजल्या. सतराही बेवारस.

वाचताना आवडलेलं, ऐकताना थबकवलेलं, रिक्षेच्या पाठीवर दिसलेलं असं काहीबाही जमवायची खोड ज्यांना आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. यातल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत.

नुसती ओळ लिहिणं

ही सगळ्यात मोठी चूक. बाकीच्या बऱ्याचशा चुका हिच्याच पोटातून येतात. लिहिताना वाटतं, हे काय विसरण्यासारखं आहे? सहा महिन्यांत विसरतो.

पुस्तकातली ओळ असेल तर लेखक, पुस्तक, आवृत्ती आणि पान. ऐकलेली असेल तर कोण म्हणालं, कुठे, कशावरून. खाली तारीख. आणि शेवटी आपल्या शब्दांत एक वाक्य: ही का घेतली. हे शेवटचं लिहायचा सगळ्यात कंटाळा येतो आणि दहा वर्षांनी सगळ्यात जास्त तेच वाचलं जातं. माझ्या सहाव्या वहीत एका साध्या ओळीखाली फक्त ‘आज निकाल लागला, नापास’ एवढंच आहे. ती ओळ आता त्या चार शब्दांमुळेच माझी आहे.

हे काम नेटकं कसं करावं, ते जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाकडून शिकावं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांनी ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही जपलं. त्यामुळेच कित्येक वर्षांनी ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या लोकांना त्या गावांत परत जाता आलं, त्यातल्या काही बायकांना भेटून त्यांचा आवाज नव्याने ध्वनिमुद्रित करता आला. नुसत्या ओव्या उतरवल्या असत्या तर ‘लोकपरंपरा’ असं एक गोल लेबल लागलं असतं आणि बाया नाहीशा झाल्या असत्या.

पाठ आहे म्हणून आठवणीतून उतरवणं

‘बोले तैसा चाले, त्याची वंदावी पाउले.’ शाळेच्या भिंतीवर होतं, तसंच माझ्याही वहीत आलं. पुढे गाथा उघडली तर तिथे ‘वंदीन पाउलें’. आणि लगेच पुढे ‘अंगें झाडीन अंगण’, ‘त्याचें दासत्व करीन’. म्हणजे तुकोबा स्वतःबद्दल बोलतायत. असा माणूस भेटला तर मी त्याचं अंगण झाडीन, असा तो शब्द आहे. ‘वंदावी’ केलं की त्याचा उपदेश होतो, आणि तोही दुसऱ्याला. एका क्रियापदाने बोलणाऱ्याला खालून उचलून व्यासपीठावर नेऊन बसवलं. हे कळल्यावर मी पाठ असलेल्या ओळींवर भरवसा ठेवणं सोडलं.

‘भले तरी देऊ कासेची लंगोटी’ हे दुसरं उदाहरण. गाथेत कासेच्या जागी रोखठोक देशी शब्द आहे. तो इथे छापायला माझी हरकत नाही, पण तुम्हीच शोधा, गाथा उघडण्याचं निमित्त होईल. सोज्वळ पाठ वहीत घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, फक्त बाजूला ‘प्रचलित पाठ’ अशी नोंद करा.

अर्धी ओळ घेण्याचा प्रकार याहून फसवा. ‘आलिया भोगासी असावे सादर’ आपण सुस्कारा टाकून म्हणतो: आलंय ना वाट्याला, भोगा. पुढचा चरण आहे ‘देवावरी भार घालूनियां’. भार उतरवून ठेवायची जागा तिथे दाखवली आहे, आपण नेमकी तीच कापली. ‘सामर्थ्य आहे चळवळीचे’ची गत उलटी. दासबोधात त्याच ओवीत पुढे ‘परंतु तेथें भगवंताचें अधिष्ठान पाहिजे’ आहे. कुणी ते अधिष्ठान मानेल, कुणी मानणार नाही. पण समर्थांच्या नावावर वाक्य टाकायचं तर त्यांचं ‘परंतु’ गाळून कसं चालेल? मी आता एक करतो. आवडलेल्या ओळीच्या मागची एक आणि पुढची एक ओळ बारीक अक्षरात लिहून ठेवतो. जागा जाते, जाऊ दे.

जुन्या पुस्तकातून उतरवताना अनुस्वारांचा घोळ होतो. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, त्याआधीच्या छपाईत ते जागोजाग आहेत. एकतर जसंच्या तसं घ्या, नाहीतर सगळीकडे आजचं लेखन ठेवा. अर्ध्या ओळीत ‘तें’ आणि अर्ध्या ओळीत ‘ते’ असं केलंत तर पुढे आपलीच चूक कुठली आणि मूळ कुठलं ते कळत नाही.

नाव बघून विश्वास ठेवणं

व्हॉट्सॲपवर पु. ल. देशपांडे रोज नवीन काहीतरी लिहितात. व. पु. काळे त्यांच्याहून जास्त लिहितात. नाना पाटेकरांच्या नावावर फिरणाऱ्या मजकुराची तर गणतीच नाही.

यावर एक सोपी चाळणी आहे. पु. ल. १२ जून २००० रोजी गेले, कुसुमाग्रज १९९९ मध्ये, व. पु. २००१ मध्ये. व्हॉट्सॲप आलं २००९ मध्ये. मजकुरात स्टेटस, सेल्फी, ‘ब्लू टिक’ आलं की निकाल लागला. दुसरी चाळणी कानाची. पुलंचं वाक्य वळत वळत जातं आणि शेवटच्या दोन शब्दांत टप्पल मारतं. फॉरवर्डातले ‘पुलं’ मात्र प्रत्येक ओळीला टाळी मागतात. कान तयार व्हायला मूळ पुस्तकं वाचावी लागतात, त्याला उपाय नाही. दोन्ही चाळण्यांतून सुटलं आणि पुस्तक सापडेना, तर ओळ घ्या, नावापुढे प्रश्नचिन्ह टाका. आवडली म्हणून तिला मोठ्या घरी दत्तक द्यायची गरज नाही.

मी स्वतः तोंडघशी पडलो तो प्रकार व्हॉट्सॲपच्या आधीचा. एका कार्यक्रमाच्या पत्रिकेवर मी हौसेने ‘ज्ञानदेवें रचिला पाया… तुका झालासे कळस’ घातलं आणि खाली ‘संत तुकाराम’. एका वयस्कर गृहस्थांनी पत्रिका हातात घेतली, चष्मा सरकवला आणि विचारलं, “तुकोबा स्वतःच स्वतःला कळस म्हणतील होय रे?” तो अभंग संत बहिणाबाईंचा, म्हणजे तुकोबांच्या शिष्येचा. दोनशे पत्रिका वाटून झाल्या होत्या.

बहिणाबाई दोन, हेही लक्षात असू द्या. संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या. ‘अरे संसार संसार’वाल्या बहिणाबाई चौधरी १८८० ते १९५१, खानदेशातल्या, जळगावजवळच्या असोद्याच्या. वहीत नुसतं ‘बहिणाबाई’ लिहाल तर दोघींत अडीचशे वर्षांचं अंतर आहे हे पुढच्या वाचणाऱ्याला कळणार नाही.

बोली ‘सुधारून’ घेणं

‘आधी हाताला चटके, तव्हा मियते भाकर.’ माझ्या तिसऱ्या वहीत ‘तेव्हा मिळते भाकर’ आहे. प्रमाण भाषेतला ‘ळ’ तिकडच्या बोलीत ‘य’ होतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं छापखान्याची चूक असेल. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांनी म्हटलेलं घरच्यांनी उतरवून ठेवलं आणि त्यांच्या पश्चात १९५२ साली पुस्तक आलं. उतरवणाऱ्यांनी माझ्यासारखा शहाणपणा केला असता तर काय हाती लागलं असतं?

हीच काळजी घरच्या माणसांच्या बोलण्याची घ्यायची. आजी ‘व्हय’ म्हणाली तर ‘होय’ लिहू नका. मालवणी मावशीचं ‘काय सांगतंस’ पुणेरी करू नका. शब्द कळला नाही तर तेव्हाच विचारा आणि अर्थ समासात लिहा. म्हणींचंही तसंच. एका घरात ‘आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास’ म्हणतात, दुसऱ्या घरात शेपूट वेगळं असतं. ‘खरं’ कुठलं या वादात न पडता दोन्ही घ्या आणि घराचं गाव लिहा.

ऐकलेलं उद्यावर टाकणं, आणि ऐकलेलं सगळंच लिहिणं

लोकलमध्ये, एसटीत, लग्नाच्या पंगतीत कानावर पडलेलं वाक्य संध्याकाळपर्यंत टिकतं, सकाळी फक्त त्याचा मथितार्थ उरतो. मथितार्थ कामाचा नाही. तिकिटाच्या मागे का होईना, तिथल्या तिथे शब्द टिपा. पण तिकिटावरच ठेवू नका. मशीनमधून निघणाऱ्या तिकिटाचा कागद उष्णतेवर छापणारा असतो, काही महिन्यांत ते कोरं होतं आणि अमुक मार्गावर ऐकलं हा पुरावाही जातो.

ट्रकमागची वाक्यं, दुकानांच्या पाट्या यांचा फोटो काढताना थोडं मागे सरका. नुसती अक्षरं नकोत, दुकानाची कडी, बाजूचा फळा, रस्ता येऊ दे. या गोष्टी पुसल्या जातात. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्रात २०१५ साली मनाई झाली. त्याआधीचे फोटो असतील तर जपा.

आता उलटी चूक. माझी सातवी वही दिवाळीत टीपॉयवर राहिली आणि एका मावशीने ती चाळली. तिने दुसऱ्या मावशीबद्दल काढलेले उद्गार नावानिशी, तारखेनिशी तिथे होते. भाषा म्हणून अप्रतिम होते ते, आजही म्हणेन. पण ती दिवाळी बिघडली ती बिघडलीच. तेव्हापासून घरातल्या बोलण्यासाठी वेगळी वही आहे, त्यात नावांऐवजी खुणा आहेत, आणि ती टीपॉयवर नसते.

कागद, शाई, फोन

समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास दिला आहे. त्यात ते सांगतात की चहूबाजूंनी जागा सोडून मधे लिहावं, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. कडेपर्यंत कोंबून लिहिलेल्या माझ्या एका वहीची कसरीने काय दशा केली ते पाहिल्यावर हे पटलं. समास सोडा, पुढे टिपा लिहायलाही तोच कामी येतो. जेल पेन देखणं दिसतं, पण पावसाळ्यात एक थेंब पडला की पान गेलं. साधं बॉलपेन बरं.

वर्तमानपत्राची कात्रणं सेलोटेपने चिकटवू नका. टेप सुटतो आणि तपकिरी डाग मागे राहतो. घरच्या पिठाच्या खळीवर कसर ताव मारते. वर्तमानपत्राचा कागद मुळातच पिवळा पडून ठिसूळ होणारा, म्हणून आवडता मजकूर हाताने उतरवा आणि कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवा. कात्रणाच्या कडेला दैनिकाचं नाव आणि तारीख आधी लिहायची, मग कात्री चालवायची. उलट केलं की हमखास राहतं.

फोनवाल्यांचा रोग म्हणजे स्क्रीनशॉट. चार हजार चित्रांत ‘ती पावसाची ओळ’ कशी शोधणार? गुगल लेन्स देवनागरी बऱ्यापैकी वाचतं. मजकूर उचला, काना-मात्रा तपासा, नोंदवहीच्या ॲपमध्ये टाका आणि चित्र पुसा. दहापंधरा वर्षांपूर्वी डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची अक्षरजुळणी करायच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली आज उघडल्यावर अगम्य चिन्हांचा चिवडा दिसत असेल, तर मजकूर मेलेला नाही. तो फॉन्ट युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे वाचता येणाऱ्या अक्षरांत, बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. मूळ फाइल तेवढी पुसू नका. बदललेल्या मजकुरात रफार आणि जोडाक्षरं इकडेतिकडे होतात, तेव्हा ती पडताळायला लागते.

वही आधीच बिघडली असेल तर

नवी वही घेऊन ‘आता नीट’ म्हणत बसू नका. ते मी तीनदा केलं. जुनीच उघडा, वेगळ्या रंगाचं पेन घ्या, समासात जेवढं आठवतं तेवढं लिहा. साल आठवत नसेल तर इयत्ता लिहा, घर लिहा, कुठल्या खोलीत बसून लिहिलं ते लिहा. मूळ ओळ खोडू नका, चुकीची असली तरी. दुरुस्ती शेजारी. आणि वही घरच्यांना दाखवा, मावशीचा भाग वगळून.

गेल्या महिन्यात मी दुसरी वही भावाला दिली. त्यात ‘पाऊस थांबला तरी पागोळ्या आपलं बोलणं पुरं करतात’ अशी एक ओळ आहे. मी ती वर्षानुवर्षं कुणा कवीची समजत होतो, दोन संग्रहही धुंडाळले होते. भाऊ हसला. म्हणाला, “अरे, आजी. आत्या निघायला उठायची आणि दारात अर्धा तास बोलत उभी राहायची, तेव्हा म्हणायची.” आता त्या ओळीखाली हिरव्या पेनने लिहिलं आहे: आजी, आत्याला उद्देशून, गावचं घर, पुढचं दार. साल माहीत नाही.